पेंढ्याच्या छपराखालचा जुना पब

इंग्लंडमधल्या गवती छपराच्या घरांचे फोटो आपण सगळ्यांनीच बघितलेत, कॅलेंडरवर, बिस्किटांच्या डब्यांवर. पांढऱ्या भिंती, दारावर गुलाबाचा वेल आणि वर ते जाडजूड छप्पर. लोक येतात, रस्त्यावरूनच फोटो काढतात आणि पुढे जातात. मला मात्र अशा कुठल्याही घरात पाय ठेवला की आधी माळ्यावर जायचं असतं, कारण घर किती जुनं आहे ते तिथे वर कळतं, दर्शनी भिंतीवरून काही म्हणजे काही कळत नाही.

ज्या घराबद्दल लिहितोय ते नैऋत्य इंग्लंडमधल्या डेव्हनमधे आहे, क्रेडिटनच्या आसपासच्या लाल मातीच्या पट्ट्यात. आमच्या ओळखीच्या एक बाई तिथे राहतात, खासगी घर आहे म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. पब बंद होऊन शंभरावर वर्षं झाली तरी गावातले लोक अजून त्या घराला पबच्याच नावाने ओळखतात. पण पब ही त्या घराची मधली गोष्ट आहे, सुरुवात त्याच्या खूप आधीची.

माळ्यावर शिडी लावून चढलो आणि टॉर्च मारला की पहिल्यांदा काही दिसतच नाही, कारण आतलं सगळं काळं आहे. वासे काळे, वाशांवरच्या आडव्या काठ्या काळ्या, आणि त्या काठ्यांना बांधलेला पेंढासुद्धा काळाकुट्ट. डोळे सरावले की एकेक काडी दिसायला लागते, गाठी बांधलेल्या वेली दिसतात, मधेच एखादी ओंबी, तिच्यात दाण्याची रिकामी टरफलं. हा पेंढा पंधराव्या शतकातला असू शकतो. त्या काळी इथल्या घरात धुराडं नव्हतंच, मधे एक मोठी खोली, ती जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत उघडी, जमिनीवर मधोमध चूल पेटलेली, आणि धूर वर चढून पेंढ्यातूनच वाट काढत बाहेर जायचा. दीड-दोनशे वर्षं असा धूर खाल्लेला पेंढा काजळीने माखला, आणि नंतर त्याच्यावर नवीन थर चढत गेले म्हणून त्याला ना पाऊस लागला ना ऊन. इंग्लंडमधे असे काजळलेले मध्ययुगीन पेंढे सगळ्यात जास्त डेव्हनमधेच सापडतात. जॉन लेट्स नावाच्या पुरा-वनस्पतीशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला, त्यात त्या काळच्या शेतातले जुन्या वाणांचे गहू, राय आणि सोबतचं तण सुद्धा जसंच्या तसं मिळालं. म्हणजे कुठल्या म्युझियममधे नाही, संग्रहात नाही, एका राहत्या घराच्या छपरात पाचशे वर्षांपूर्वीच्या शेताचं पीक पडून आहे. मला हे अजूनही पचत नाही, दरवेळी अंगावर काटा येतो.

आणि हे टिकलं कशामुळे, तर शाकारणीच्या पद्धतीमुळे. इथला थॅचर म्हणजे छप्पर शाकारणारा कारागीर, तो सहसा जुनं छप्पर तळापर्यंत उपटून काढत नाही. वरचा कुजलेला भाग खरवडतो आणि उरलेल्या घट्ट पेंढ्यावर नवा थर बसवतो. हेझल नावाच्या झुडपाच्या फांद्या चिरून, मधे पिळा देऊन केसांच्या पिनेसारख्या वाकवतात आणि जुन्या पेंढ्यात खुपसून नवा पेंढा त्यांनी धरून ठेवतात. असं शतकानुशतकं होत गेल्यावर काही घरांवर छपराची जाडी मीटरच्या वर जाते. बाहेरून ती फुगीर, उशीसारखी दिसणारी पाखं आपल्याला गोड वाटतात, पण ती तशी फुगीर आहेत कारण आत पिढ्यानपिढ्यांचे थर आहेत.

पाणी आत कसं येत नाही हा प्रश्न मला लोक नेहमी विचारतात. उत्तर सगळं उतारात आहे. पाखं किमान ४५ ते ५० अंशांनी उतरती ठेवावी लागतात, मग पाऊस एका काडीच्या टोकावरून दुसऱ्या काडीच्या टोकावर असा घरंगळत खाली येतो, वरचा इंचभर भाग ओला होतो आणि खालचा कोरडाच राहतो. पन्हळ नाही, वळचण भिंतीपासून चांगली बाहेर काढलेली, आणि पाणी थेट जमिनीवर पडतं. डेव्हनमधली पद्धत म्हणजे काड्यांची बुडं सगळी एका बाजूला करून फक्त बुडंच बाहेर दिसतील असा पेंढा बसवायचा, त्यामुळे छप्पर कापलेल्या ब्रशसारखं आवळ दिसतं. त्यासाठी पेंढा चुरगळून चालत नाही. कंबाइन हार्वेस्टरमधून निघालेला पेंढा इथे बिनकामाचा, शिवाय आजकालचे गहू बुटके, काडी आखूड आणि खताने भुसभुशीत. म्हणून काही शेतकरी मुद्दाम मॅरिस विजनसारखा जुना उंच वाण लावतात, हा १९६०च्या दशकातला, जुन्या पद्धतीच्या रीपर-बाइंडरने थोडा हिरवट असतानाच कापतात, पेंढ्या शेतात उभ्या करून वाळवतात, आणि मग कोंबर नावाच्या मशीनमधून काढतात, म्हणजे दाणे निघतात पण काडी अख्खी राहते. एका छपरासाठी एवढी सगळी साखळी जिवंत ठेवावी लागते, बियाण्यापासून जुन्या मशीनच्या पट्ट्यापर्यंत, आणि ती ठेवणारे लोक आहेत याचं मला फार कौतुक वाटतं.

बाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना मी हे घर दाखवायला नेलं. राजापूरकडचा माणूस, लहानपणी दरवर्षी मे महिन्यात शाकारणीला हात लावलेला. ते वळचणीखाली उभे राहिले, हात वर करून पेंढ्याच्या कडेला बोटं लावली आणि म्हणाले, "अरे, हे हलतच नाही!" आमच्याकडे गोठ्यावरचं गवत वर्षा-दोन वर्षांनी बदलायचं, कारण चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलून ते कुजणारच, मग जाड थराला अर्थ काय. इथे त्याचा तिसरा हिस्सा पाऊस पडतो, तोही बारा महिन्यांत वाटून, म्हणून नीट केलेलं गव्हाचं छप्पर पंचवीस-तीस वर्षं चालतं, फक्त आढ्यावरची टोपी दहा-पंधरा वर्षांनी नवी करावी लागते. मग आत जिन्याखाली एका ठिकाणी गिलावा पडलेला आहे तिथे बाबा थांबले. आत उभे ओकचे दांडे, त्यात हेझलच्या काठ्या विणलेल्या आणि वर माती, शेण, पेंढ्याचा लेप. "कुडाची भिंत आहे ही," म्हणाले, आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले, कारवीच्या ऐवजी हेझल एवढाच काय तो फरक. बाईंना मी ते इंग्रजीत सांगितलं तर त्या आतून एक डबा घेऊन आल्या, त्यात गिलाव्यातून निघालेले तुकडे ठेवलेले, एका तुकड्यावर लेप दाबणाऱ्याच्या बोटांचे ठसे स्पष्ट. बाबांनी आपलं बोट त्या ठशावर ठेवून बघितलं.

बाहेरच्या भिंती मात्र कुडाच्या नाहीत, कॉबच्या आहेत. कॉब म्हणजे शेताखालची चिकण लाल माती, पेंढा आणि पाणी, बैलांनी नाहीतर माणसांनी तुडवून केलेला गारा. साचा वगैरे काही नाही. दगडी जोत्यावर काट्याने तो रचायचा, तुडवायचा, साधारण दोन फुटांचा थर झाला की थांबायचं, सुकू द्यायचं, मग कडा तासून पुढचा थर. भिंत दोन ते तीन फूट जाड. कोपरे गोल, कारण मातीला धारदार कोपरा टिकत नाही, आणि खिडक्या लहान व खोल, की आत बसायला जागा होते. डेव्हनमधे म्हण आहे की कॉबला चांगली टोपी आणि चांगले बूट द्या, मग तिला काही होत नाही. टोपी म्हणजे छप्पर, बूट म्हणजे जोतं. छप्पर आणि भिंत एकमेकांशिवाय जगूच शकत नाहीत, वळचण एवढी बाहेर का आली ते भिंत बघितल्यावर समजतं.

आता आतली मांडणी. या भागातल्या जुन्या घरांची रचना ठरलेली असते, तीन खोल्या एका रांगेत आणि मधून आरपार जाणारा बोळ, ज्याला पुढे एक दार आणि मागे एक दार. बोळाच्या एका बाजूला मोठी खोली म्हणजे हॉल, त्याच्या पलीकडे आतली खोली, आणि बोळाच्या दुसऱ्या बाजूला कोठीची किंवा गुरांची जागा. सोळाव्या-सतराव्या शतकात लोकांना धुराचा कंटाळा आला, हातात थोडा पैसा आला, आणि हॉलमधे बोळाला पाठ टेकवून दगडी धुराडं उभं राहिलं. धुराडं झाल्यावर वरची पोकळी मोकळी झाली, तिथे तक्तपोशी टाकून मजला केला, मग मजल्यावर जायला जिना आला. चूल एका बाजूला सरकली आणि अख्खं घर दुमजली झालं. मात्र वरचे काळे वासे कुणी काढले नाहीत, छत लावून फक्त झाकले. त्यामुळे आज झोपायच्या खोलीच्या डोक्यावर मध्ययुग आहे आणि खाली त्याचा मागमूस नाही.

चुलीवरची ओकची तुळई जवळून बघण्यासारखी आहे. तिच्यावर पाण्याच्या थेंबाच्या आकाराचे जळल्याचे डाग आहेत, बोटाच्या पेराएवढे, एकाशेजारी एक. पूर्वी वाटायचं की मेणबत्ती चुकून लागली असेल, पण प्रयोग करून बघणाऱ्यांना कळलं की असा डाग पडायला ज्योत ठरावीक कोनात धरून बराच वेळ थांबावं लागतं, म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलंय, बहुधा आगीपासून आणि वाईट शक्तींपासून घराचं रक्षण व्हावं म्हणून. डोक्यावर टनावारी पेंढा आणि खाली पेटलेली चूल, अशा घरात माणसं किती जपून राहत असतील ते त्या डागांवरून जाणवतं. चुलीच्या आत डाव्या हाताला भिंतीत मातीची भट्टी बसवलेली आहे, क्लोम ओव्हन. अशा भट्ट्या उत्तर डेव्हनमधे बार्नस्टेपल, बिडफर्डला कुंभार बनवायचे आणि त्या तयार स्वरूपात मिळायच्या, भिंतीत नुसती बसवायची. आत काटक्या जाळायच्या, भट्टी तापली की राख ओढून काढायची, ब्रेड आत सारायचा आणि मातीचं झाकण लावून कडा मातीनेच लिंपायच्या. या भट्ट्या जहाजातून अमेरिकेपर्यंत गेल्या, जेम्सटाउन या तिथल्या सुरुवातीच्या इंग्रज वसाहतीच्या उत्खननात तशी भट्टी सापडलेली आहे.

मग आलं १८३०. पंतप्रधान वेलिंग्टनच्या सरकारने बिअरचा कायदा केला. कर भरणाऱ्या कुठल्याही घरधन्याला दोन गिनी फी भरून स्वतःच्या घरातून बिअर आणि सायडर म्हणजे सफरचंदाची दारू विकायची परवानगी, मॅजिस्ट्रेटकडे जायची गरजच नाही, फक्त जिन-ब्रँडीसारखी कडक दारू विकता येणार नाही. लोकांनी जिन सोडून बिअरकडे वळावं आणि मोठ्या दारूभट्टीवाल्यांची मक्तेदारी मोडावी असा हेतू. पहिल्या सहा महिन्यांत चोवीस हजारांच्या वर परवाने गेले. विचार करा, हे चोवीस हजार पब काही नव्याने बांधलेले नव्हते. कुणाचं स्वयंपाकघर, कुणाची पुढची खोली, लोहाराचं घर, सुताराचं घर, विधवेचं घर. बाई घरात, नवरा शेतावर मजुरीला, आणि संध्याकाळी चुलीपुढे गावातली चार माणसं.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त रस इथेच आहे, कारण पब होण्यासाठी त्या घराला फारसं बदलावंच लागलं नाही. उत्तरेकडची कोठीची खोली आधीपासूनच दोन पायऱ्या खाली, थंड, दगडी फरशीची, तिथे पूर्वी दूध-लोणी ठेवायचे, आता पिंपं ठेवली. आरपार बोळ होताच, त्यातून गिऱ्हाईक घरात न शिरता येऊ-जाऊ शकत होतं. बोळ आणि कोठीमधल्या लाकडी पडदीत एक चौकोन कापून झडप लावली, ती अजून आहे. झडपेखालची फळी मधोमध खोलगट झालीय, बिअरचे पेले आणि मातीचे जग ठेवून आणि ओढून. तिच्यावर हात फिरवला की खोलगट भाग बरोब्बर एका हाताच्या रुंदीचा लागतो. काउंटर नव्हताच. आपल्याला पब म्हटला की लांबलचक बार डोळ्यासमोर येतो, पण तो शहरातल्या जिनच्या दुकानांतून आलेला प्रकार. खेड्यात मालकीण पिंपाच्या तोटीतून जग भरून आणायची आणि चुलीपुढच्या बाकावर बसलेल्यांना ओतून द्यायची. बाकही आहे, पाठ छतापर्यंत उंच नेलेली, कारण दारातून येणारा वारा अडवायचा होता, म्हणजे बाकाचं बाक आणि भिंतीची भिंत.

हे कसं चालायचं ते बघायचं असेल तर डेव्हनमधेच ड्र्यूस्टेंटनच्या ड्र्यू आर्म्सची गोष्ट माहीत करून घ्यावी. तेही गवती छपराचं. तिथे मेबल मज या बाई १९१९ पासून १९९४ पर्यंत पब चालवत होत्या, निवृत्त झाल्या तेव्हा वय ९९. तिथेही काउंटर नव्हता, मागच्या खोलीतून झडपेतून बिअर. पंचाहत्तर वर्षं एकाच बाईने जागा सांभाळली म्हणून ती तशी राहिली, नाहीतर प्रत्येक नव्या मालकाने काहीतरी तोडलं असतं.

आमच्या या घराचा पब का बंद पडला त्याची एक अशी तारीख सांगून उपयोग नाही, कारणं सगळ्या देशाची होती. १८६९ मधे बिअरहाउसं परत मॅजिस्ट्रेटच्या हाताखाली आली आणि नूतनीकरण अवघड झालं, मग १९०४च्या कायद्याने भरपाई देऊन जास्तीचे पब बंद करायची मोहीमच निघाली. खेड्यात शेतमजूर कमी झाले, रेल्वेने माणसं शहरात नेली. पाटी उतरली. पाटीचा लोखंडी कंस मात्र भिंतीत तसाच, बाईंनी त्याला फुलांची टोपली लटकवलीय. घर पुन्हा घर झालं, आणि मला वाटतं त्यानंतरची गरिबीच त्याच्या पथ्यावर पडली, कारण साठ-सत्तर वर्षं कुणाकडे तोडफोड करण्याइतके पैसे नव्हते.

पैसे आले की काय होतं ते वेगळं. कोणे एके काळी बाईंच्या आधीच्या मालकांना एका सल्लागाराने सुचवलं होतं की झडप, पडदी, उंच पाठीचं बाक ही सगळी नंतरची भर आहे, ती काढली की मूळचा हॉल किती छान मोकळा होईल. मला या 'मूळ'चा फार राग येतो. मूळ म्हणजे कुठलं? धुराडं काढायचं का, तेही नंतरचं. मजला काढायचा का? मग चूल परत जमिनीवर पेटवायची का? १४५० सालचा शेतकरी या घराचा जेवढा मालक, तेवढीच १८४० मधली जग भरणारी बाईसुद्धा, आणि तिचा पुरावा म्हणजे ती झिजलेली फळी. कवी आणि डिझायनर विल्यम मॉरिसने १८७७ मधे जुन्या इमारती वाचवायची संस्था काढली ती नेमकी याच गोष्टीसाठी, की दुरुस्ती करा पण इतिहासाला खरवडून गुळगुळीत करू नका. थॅचर जे छपराशी करतो, म्हणजे खालचं राहू देऊन वर घालतो, तेच खालच्या खोल्यांशीही करायला हवं. सुदैवाने घर ग्रेड टू मधे लिस्टेड आहे, म्हणजे सरकारच्या संरक्षित इमारतींच्या यादीत, त्यामुळे पडदी हलवायची तरी कौन्सिलची परवानगी लागते, आणि आधीच्या मालकांनी मग तो नाद सोडला. लोक या नियमांना शिव्या घालतात, मला ते मान्य नाही, नियम नसते तर ती झडप आज एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर शोभेला असती.

वुस्टरशरमधे ब्रेटफर्टनला फ्लीस इन आहे, त्याचं उदाहरण मला कायम आठवतं. बर्ड घराण्याचं शेतघर, १८४८ मधे परवाना घेऊन पब झालं, आणि त्याच घराण्यातल्या लोला टॅपलिन यांनी १९७७ मधे ते नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिलं, अट अशी की आत बटाट्याचे वेफर्स विकायचे नाहीत. चुलीपुढच्या फरशीवर पांढरी वर्तुळं काढलेली असतात, धुराड्यातून चेटकिणी येऊ नयेत म्हणून, ती आजही परत परत रंगवतात. २००४ मधे ठिणगी पडून त्याच्या गवती छपराने पेट घेतला, बरंच नुकसान झालं, आणि २००५ मधे ते पुन्हा बांधून उघडलं.

आगीची भीती आज कमी झालीय असं वाटेल, पण उलट आहे. उघड्या चुलीचा धूर थंड होत होत वर जायचा. आता त्याच धुराड्याखाली बंद स्टोव्ह बसवतात, त्याचा झोत गरम आणि जोरदार, आणि पेटवताना कागद, पुठ्ठा, ओली लाकडं घातली की जळते तुकडे वर उडून पेंढ्यावर बसतात. वरून काही दिसत नाही, आतल्या आत धुमसतं, आणि छप्पर असं घट्ट की फायर ब्रिगेडचं पाणी वरूनच घरंगळून जातं, जे पावसाला रोखतं तेच पंपालाही रोखतं. बाईंनी स्टोव्ह काढून टाकलाय. धुराडं दरवर्षी साफ करून घेतात, वायरिंग नवं केलंय, माळ्यावर अलार्म आहेत. विम्याचा हप्ता ऐकून मी गप्पच बसलो.

सध्या मोठं काम आहे ते भिंतीचं. १९६० की ७०च्या दशकात कुणीतरी चांगल्या हेतूने बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. मातीची भिंत श्वास घेते, ओल आत येते तशी बाहेर जाते, सिमेंटने ती बाहेर जायची वाट बंद केली, आणि सिमेंटला बारीक तडा गेला की पाणी आत शिरतं पण निघत नाही. मग भिंतीचा तळ आतल्या आत चिखल व्हायला लागतो, बाहेरून पांढरीशुभ्र दिसत असताना. उत्तरेकडच्या कोठीच्या भिंतीवर वाजवून बघितलं तर भदभद आवाज येतो. त्यामुळे या उन्हाळ्यात तिथून सुरुवात आहे, आधी सिमेंट हळूहळू छिन्नीने उतरवायचं, भिंत निदान काही महिने उघडी ठेवून सुकू द्यायची, कुजलेला भाग कापून त्यात सुकवलेल्या कॉबच्या विटा मातीतच बसवायच्या, मग चुन्याचा गिलावा तीन हातांत. चुना लावल्यावर आठवडाभर ओली गोणपाटं बांधून ठेवावी लागतात आणि थंडी पडायच्या आत तो धरला पाहिजे, त्यामुळे शेवटचा हात सप्टेंबरच्या पुढे जाऊन चालणार नाही. गवंड्याने कॉबसाठी माती कुठून आणायची विचारलं तर बाईंनी घरामागच्या खड्ड्याकडे बोट दाखवलं, भिंतीची माती आधी तिथूनच निघाली होती.